खालच्या फळीवरचे पिंजरे

नागोरावमामा पिंजऱ्यात हात घालण्याआधी झाकणावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि आपलं नाव सांगायचे. "मी नागोराव हाव. येऊ का?" आत तीन पांढरे उंदीर, प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅमचे. मामा क्षणभर थांबायचे, जणू परवानगी मिळायची वाट बघतायत, आणि मग हात आत. नांदेडच्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या अॅनिमल हाऊसमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे दृश्य बघितलं आणि मनात म्हटलं, झालं कल्याण, आता एम.फार्म. होईस्तोवर या माणसाच्या नादाला लागायचं.

मी लातूरची, म्हणजे लहानपणापासून मार्कांवर वाढलेली. मला सगळं वेळेवर आणि आखल्यासारखं लागायचं. मामा कंधारकडचे, पन्नाशी कधीच उलटलेले, अंगात खाकी शर्ट, खांद्यावर टॉवेल. उजवा खांदा धरलेला, त्यामुळे हात छातीच्या वर जात नसे; वरच्या फळीवरचे पिंजरे शिपाई उतरवून द्यायचा. रोजंदारीवर होते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं-पाणी बघणं, एवढंच त्यांचं काम. पण तिथला खरा मालक कोण हे उंदरांना बरोबर ठाऊक होतं. मी उंदीर शेपटीने उचलला की तो माझ्या हातमोज्याला चावायचा. मामांच्या उघड्या तळहातावर तोच उंदीर मिशा पुसत बसायचा.

"तुमी धरता ताई, तवा त्याला वाटतं आपल्याला धरलंय," मामा म्हणाले. "मी धरतो तवा त्याला वाटतं आपण बसलोय."

माझा विषय होता नैराश्यावरचं औषध. अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून केळफुलं आणायची, त्यांचा अर्क काढायचा आणि उंदरांवर बघायचं, की तो मनावर काम करतो का. आता उंदराचं मन कळणार कसं? त्याची रीत ठरलेली आहे. सहा आठवडे उंदरांना रोज काही ना काही त्रास द्यायचा. कधी पिंजरा तिरका ठेवायचा, कधी खाणं बंद, कधी भुशावर पाणी ओतून रातभर ओल्यात ठेवायचं. उद्या काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळता कामा नये. सहा आठवड्यांनी त्यांना काचेच्या नळकांड्यात, पाण्यात सोडायचं. उंदीर आधी जोरजोरात हातपाय मारतो, मग कधीतरी थांबतो आणि नाक वर ठेवून नुसता तरंगतो. सहा मिनिटांतल्या शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद असा थांबला, ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. जास्त थांबला तर तो खचलेला. औषधाने कमी थांबला तर औषध गुणाचं.

हे मी मामांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे थांबला की खचला?"

"हो."

"दमला आसंल की. न्हाईतर त्याला मालूम झालं आसंल, का ह्या ताई सहा मिनटानं काढणारच हायत. मंग उगं हातपाय कामून हलवावेत?"

मी त्यांना हसले. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, की मोठमोठ्या जाणत्यांनीही या चाचणीवर हीच शंका घेतलेली आहे. मामांना हे मी सांगितलं नाही, तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्यात नव्हता.

पाण्यातून काढलेला उंदीर मामा टॉवेलात घ्यायचे, दोन्ही तळव्यांमध्ये हलके हलके पुसायचे आणि बल्बच्या उबेला धरायचे. प्रयोग संपल्यावर शेवटी उंदरांना मारावं लागतं, त्या दिवशी कॉलेजातला प्रत्येक जण काही ना काही निमित्त काढून लांब राहायचा. मामांनी मात्र त्या दिवशी कधी रजा टाकली नाही. "ज्यानं खाऊ घातलं त्यानं शेवटाला तोंड फिरवू न्हाई," असं म्हणायचे, आणि त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी न्यायचे.

त्यांच्या बायकोचं नाव गयाबाई. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, मामा डबा विसरले म्हणून शेजारणीबरोबर आल्या होत्या. डबा ठेवला आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या, मी नमस्कार केला तरी लक्ष नव्हतं. मामांनी नंतर सांगितलं, तीन वर्षं झाली, गया बोलायची थांबली. घरात काही वाईट घडलं नव्हतं. लेकी आपापल्या घरी सुखी होत्या. "लोक पुसतात काय झालं. काय झालं ते सांगता आलं आसतं तर बरं झालं आसतं," मामा म्हणाले. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. त्यामुळे त्या उठून स्वयंपाक करायला लागल्या होत्या, पण दिवसभर झोप यायची, तोंड कोरडं पडायचं. गोळ्या द्यायचं काम मामांचं होतं.

सहा आठवडे संपले. मी उंदीर पोहायला सोडले, सेकंद मोजले, आकडे मांडले आणि माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. ज्यांना औषध दिलं नव्हतं ते उंदीर लवकर थांबले होते. बाजारातली ठरलेली गोळी ज्यांना दिली ते बरेच पोहले. आणि केळफुलाचा अर्क दिलेले उंदीर त्यांच्याहूनही जास्त पोहले. एकच गोष्ट जरा खटकणारी होती. अर्काचा कमी डोस आणि दुप्पट डोस, दोन्हींचा परिणाम अगदी सारखा होता. औषध खरं असेल तर डोसागणिक फरक दिसायला हवा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण आनंदात माणूस आंधळा होतो आणि मी तर झालेच होते. आमचे गाइड बिडवई सर सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी आकडे दोनदा तपासले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे परिषदेत वाचायचं." दोन दिवसांत त्यांनी निबंधाचा गोषवारा पाठवूनही दिला.

मी पेढे घेऊन अॅनिमल हाऊसमध्ये गेले. मामांनी पेढा कपाळाला लावला.

"गुण आला म्हणता?"

"असा गुण आला मामा, की विचारू नका. गोळीला मागे टाकलं."

"माणसाला बी लागू पडंल का हे?"

मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणायलाच हवं होतं. उंदरापासून माणसापर्यंतची वाट केवढी लांब असते ते मी पाठ केलेलं होतं. पण तोंडात पेढा होता आणि डोक्यात वारं. मी म्हटलं, "का नाही पडणार? शेवटी मन ते मन."

मामा टॉवेल झटकून कामाला लागले.

त्यानंतर तीन आठवडे मी थिसिस लिहीत होते. एका दुपारी संदर्भाच्या वह्या घ्यायला अॅनिमल हाऊसमध्ये गेले, तेवढ्यात मामांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. "कवा गेली? कोनीकडं?" फोनवर शेजारीण होती. गयाबाई दुपारी दार उघडं टाकून निघून गेल्या होत्या, नदीकडे जाताना कुणीतरी पाहिलं होतं.

मी स्कूटी काढली. मामा मागे बसले. वाटेत ते फक्त एकच सांगत होते, "ताई, सावकाश हाका." आणि मान काढून रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत होते. पहिल्या घाटावर नव्हत्या. दुसऱ्या घाटावर कपडे धुणाऱ्या दोन बायकांना विचारलं, त्यांनी मान हलवली. ऊन मी म्हणत होतं. गोदावरीला त्या वर्षी पाणी चांगलं होतं, आणि मला एरवी पाण्याकडे बघून कधी वाटली नव्हती तेवढी भीती त्या दिवशी वाटत होती.

तिसऱ्या घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर गयाबाई बसल्या होत्या. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, लुगडं भिजलेलं, पलीकडच्या काठाकडे बघत. अजिबात हलत नव्हत्या. मी धावत खाली निघाले तर मामांनी माझा हात धरून मला थांबवलं. ते सावकाश पायऱ्या उतरले, दोन पायऱ्या वरच थांबले आणि म्हणाले, "गया, मी नागोराव हाव. येऊ का?"

गयाबाईंनी मान वळवली नाही, पण जराशी सरकून जागा केली. मामा शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी गयाबाईंचे पाय पाण्यातून वर घेतले आणि टॉवेलाने पुसले. मी वर उभी राहून रडत होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना. मामांनी खाली बघून सांगितलं, तीन आठवड्यांपासून बंद आहेत. डॉक्टर चांगलेच संतापले. या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, आज नशीब म्हणून बाई समोर बसल्यात, असं म्हणाले. बाहेर बाकावर मी मामांना विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला गोळ्या बंद करायला?"

"कोन्ही न्हाई. मीच."

"मग?"

"केळफूल उकळून देऊन राहिलो ना. रोज सकाळी. अर्धापूरचा एक जण भाजीला आणतो, त्याच्याकडून घेतो. तुमीच म्हणलाव ताई, मन ते मन."

मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी घाईघाईने सांगितलं, की मामा, माझं चुकलं, ते फक्त उंदरांपुरतं आहे, माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं लागतील. मामांनी ऐकून घेतलं.

"पर उंदराला तर गुण आला ना? मंग गयाला थोडा तर याया पाहिजे होता. ही तर रोज एकेक पायरी खाली उतरून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा मामा रिकाम्या मांडणीसमोर उभे होते. पिंजऱ्यांवर मी रंगाचे ठिपके लावले होते, कोणत्या रंगाचा अर्थ काय ते फक्त मला आणि सरांना माहीत होतं. मामांनी विचारलं, "ताई, दवाचे पिंजरे कोन्ते होते? केळफुलाचे."

"खालच्या फळीवरचे. चारही."

"आन् वरचे?"

"वर दोन बिनऔषधाचे आणि दोन गोळीचे." अर्काचे सगळे पिंजरे मी एका फळीवर ठेवले होते, कारण डोस द्यायला सोपं जायचं. खरं म्हणजे पिंजरे मांडणीवर सरमिसळ ठेवायचे असतात.

मामा स्टुलावर बसले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कालही पाहिलं नव्हतं.

"मंग ते दवानं न्हाई झालं ताई. ते कोरड्या भुशानं झालं."

मग त्यांनी सांगितलं. भुशावर पाणी ओतून मी संध्याकाळी पाचला घरी जायचे. मामांची सुटी सहाला. तो एक तास त्यांना फार जड जायचा. "ओल्यात लेकरू निजत न्हाई. घंटाभर भिजले, झाला ना तरास. समद्या रातीचा कामून?" म्हणून निघण्याआधी ते ओला भुसा काढून कोरडा घालायचे. तिरका पिंजरा सरळ करायचे. सकाळी माझ्याआधी येऊन परत पाणी शिंपडायचे, पिंजरा परत तिरका करायचे, म्हणजे माझंही मन राहावं. मी कधी काही विचारलंच नाही, म्हणून खोटं बोलायची पाळी आली नाही. आणि हे सगळं खालच्या फळीपुरतंच. वरच्या फळीपर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता, आणि पिंजरे उतरवून द्यायला शिपाई पाचनंतर नसायचा. "वरच्यायची लई दया यायची," ते म्हणाले. "पर खांदा उठत न्हाई."

दोन्ही डोसांचा परिणाम सारखा का आला, ते मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. वरच्या फळीवरचे उंदीर सहा आठवडे त्रासात होते आणि खालचे जवळजवळ सुखात. केळफुलाने काहीही केलेलं नव्हतं.

आणि यानंतर मी जे बोलले ते लिहायला आजही हात अडतो, पण लिहिते. मी म्हटलं, "मामा, हे कुणाला बोलू नका."

सबमिशनला अकरा दिवस राहिले होते. गोषवारा गेलेला होता. घरी लातूरला आईने नातेवाइकांना फोन करून सांगून टाकलं होतं. मी मामांना हेही म्हटलं, की बाहेर कळलं तर तुमची नोकरी जाईल. ते खरंच होतं, पण मी ते त्यांच्या काळजीने म्हटलं नव्हतं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मी थिसिसचं शेवटचं प्रकरण लिहायला बसले आणि एक ओळ पुढे सरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई मला बोलवायला आला. सरांच्या केबिनमध्ये मामा उभे होते. खुर्ची असून बसलेले नव्हते. त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं, कोरडा भुसा, सरळ केलेले पिंजरे, खालची फळी, सगळं. फक्त मी गप्प राहायला सांगितल्याचं सांगितलं नव्हतं.

मला बघून ते म्हणाले, "ताई, काल तुमाला बरं म्हणलो, पर रातभर इचार केला. माझी गया घाटावरून माघारी आली. उद्या हे छापून आलं, आन् आणखी कोन्ही आपल्या गयाच्या गोळ्या बंद केल्या, तर? तिथं कोन जानार हाय?" मग सरांकडे वळले. "कसूर माझी हाय. ताईची न्हाई."

सरांनी विचारलं, "सहा आठवड्यांचं काम, चोवीस उंदरांचे जीव. कळतंय का काय केलंत तुम्ही?"

"हाव. कळतंय म्हून तर आलो."

मी तोंड उघडायला हवं होतं. मी दारात उभी राहून सरांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत होते. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पोहणाऱ्या उंदरांचे सेकंद मोजणाऱ्या मला स्वतःचे मोजता आले नाहीत. सरांनी कबुलीचा कागद पुढे केला आणि मामा सहीसाठी पेन मागायला लागले तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, पिंजरे एका फळीवर मी ठेवले होते. सरमिसळ केले असते तर हे लगेच दिसलं असतं. आणि मला हे काल कळलं होतं. मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं त्या नजरेपेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासमोरच परिषदेला फोन लावून निबंध मागे घेतला. मामांना अॅनिमल हाऊसमधून काढून बागेच्या कामावर घातलं. घरी पाठवलं नाही, ही त्यांची माणुसकी. माझं सबमिशन सहा महिने पुढे गेलं.

मी प्रयोग पहिल्यापासून केला. या वेळी पिंजरे दोन्ही फळ्यांवर सरमिसळ. संध्याकाळी पाणी ओतून बाहेर पडले की मामा बागेत जास्वंदीला आळं करत असायचे. एकदाही आत आले नाहीत. फक्त विचारायचे, "आज ओलं का कोरडं?" मी "ओलं" म्हटलं की मान खाली घालून खुरपं चालवायचे. गयाबाईंच्या गोळ्या परत सुरू झाल्या होत्या. महिन्याभराने मामांनी सांगितलं, काल म्हणाली, भाकरी करपली. "एवढंच बोलली. पर मी म्हणलो, आज भाकर लई गोड लागली."

दुसऱ्या वेळचे आकडे आले. बाजारातल्या गोळीने गुण दिला. केळफुलाच्या अर्काने कमी डोसात नाही, जास्त डोसात नाही, काहीच केलं नाही. मी बागेत जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्यांना माझ्यासाठी वाईट वाटेल. ते खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, "बरं झालं. खरं काय ते कळलं," आणि हात धुवायला गेले.

थिसिस बांधून आली तेव्हा मी ती मामांना दाखवायला नेली. आत इंग्रजी, त्यांनी कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, माझं ते कुठं हाय ते वाचून दावा. मी ते पान काढून मराठीत सांगितलं, की पहिल्या प्रयोगात काही पिंजऱ्यांतला भुसा ठरल्याबाहेर बदलला गेला, सबब ते आकडे धरलेले नाहीत.

"माझं नाव हाय का त्यात?"

"नाही मामा. नाव कशाला घालू?"

"ते बरं केलं." त्यांनी पान बोटाने धरून ठेवलं होतं. "पर त्यानंच येऊन सांगितलं, आसं हाय का?"

तसं नव्हतं. शास्त्राच्या लिखाणात भुसा बदलला गेला एवढंच लिहितात. कुणी सांगितलं, काय पणाला लावून सांगितलं, याला तिथे रकाना नसतो. मी त्यांना तसं समजावून सांगितलं. ते समजल्यासारखे हसले, आणि थिसिस दोन्ही हातांनी मला परत दिली.

आता मी लातूरला शिकवते. मामा मागच्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा गयाबाई दारात बसल्या होत्या, त्यांनी मला ओळखलं, हाताला धरून आत नेलं, आणि गोळ्यांची डबी दाखवून म्हणाल्या, "आता मीच घेते." मी परतीच्या बसमध्ये बसले आणि ते पान पुन्हा आठवलं. तेव्हा राहिलेलं वाक्य आज लिहिते. पिंजऱ्यांतला भुसा नागोरावमामांनी बदलला होता. हे कुणालाही कळलं नसतं. मी गप्प राहायला सांगितलं होतं, आणि त्यांनीच जाऊन सांगितलं.